कानाचे यंत्र आणि मनाची तयारी

श्रवणयंत्राचा इतिहास सांगावयाचा म्हटले म्हणजे कर्णा, कार्बनची पेटी, व्हॉल्व्ह, ट्रान्झिस्टर आणि आताचे संगणकी यंत्र अशी नामावली क्रमाने म्हणून दाखविण्याचा प्रघात आहे. ती नामावली चुकीची नव्हे. परंतु यंत्र ज्या कानाला लावावयाचे तो कान कोणा एका माणसाचा असतो. त्या माणसाने ते आपखुषीने लावले, लपवून लावले, की चार दिवस लावून कपाटाच्या खणात ठेवून दिले, ह्याचाही एक इतिहास आहे. तो यंत्राच्या इतिहासाइतकाच जुना असून माझ्या मते अधिक बोधप्रद आहे. आपल्या ज्ञातीतील घरे मी पुष्कळ पाहिली आहेत. बहुतेक घरांत एखादे तरी वडीलधारे माणूस असे असते की, ज्याच्याशी बोलताना मंडळी आवाज चढवितात आणि ज्याच्यासाठी हौसेने आणलेले यंत्र डबीतच पडलेले असते. मुले म्हणतात, "एवढे पैसे घातले, पण बाबा लावीतच नाहीत." बाबा म्हणतात, "त्यात नुसती खरखर आहे." दोघेही आपापल्या परीने खरेच बोलत असतात. असे का होते हे समजून घ्यावयाचे तर थोडे मागे गेले पाहिजे.

चष्म्याचे नशीब निराळे. तो तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत निघाला आणि प्रथम ग्रंथ वाचणाऱ्या धर्मगुरूंच्या व पंडितांच्या नाकावर चढला. त्यामुळे विद्वत्तेचे चिन्ह म्हणूनच जगाने त्याला ओळखले. आमच्या शाळेतही चष्मा लागलेल्या मुलाला बाकीची मुले 'प्रोफेसर' म्हणत. कानाच्या साधनाला हे भाग्य लाभले नाही. आंधळ्याविषयी लोकांस कणव येते आणि बहिऱ्याविषयी हसू येते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. आजाऱ्याच्या समाचाराला गेलेल्या बहिऱ्याची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी ऐकली असेल. तो प्रश्नोत्तरे आधीच मनाशी योजून जातो, आजारी म्हणतो, "मरतो आहे," हा म्हणतो, "फार चांगले झाले." आपण हसतो. परंतु बारकाईने पाहिले तर बहिऱ्याच्या मनाचे मर्मच ह्या गोष्टीत आहे. आपल्याला ऐकू येत नाही हे कोणाला कळू नये, एवढ्यासाठी तो बिचारा घरून पाठ करून गेला होता. यंत्राच्या इतिहासात हाच मनुष्य पुनःपुन्हा भेटतो; कधी राजाच्या वेषात, तर कधी संगीतकाराच्या.

राजाचीच हकीकत आधी घेऊ. पेशवाई बुडाली त्याच्या पुढच्याच वर्षी, म्हणजे १८१९ साली, लंडनच्या एफ. सी. राइन नावाच्या कारागिराने पोर्तुगालचा राजा सहावा जुआंव ह्याच्यासाठी एक सिंहासन तयार केले. आपल्या गोव्यावर त्या काळी ह्याच राजाचा अंमल होता. नेपोलियनच्या स्वारीमुळे १८०७ साली लिस्बन सोडून हा राजा ब्राझीलकडे निघून गेला होता व १८२१ पर्यंत त्याचा दरबार तेथेच होता. त्या सिंहासनाचे दोन्ही हात आतून पोकळ होते आणि त्यांच्या टोकांना जबडा उघडलेल्या सिंहांची तोंडे कोरलेली होती. अर्ज घेऊन येणाऱ्याने गुडघे टेकून सिंहाच्या तोंडाशी बोलावयाचे. तो आवाज आतल्या पोकळीतून नळीवाटे राजाच्या कानापर्यंत पोहोचे. येथे एक मौज ध्यानात घ्यावी. उणीव राजाच्या कानाची, पण वाकावयाचे मात्र बोलणाऱ्याने. बहिरेपणाची लाज दरबारी शिष्टाचाराच्या पोटात पुरती गडप झाली. असे सिंहासन सर्वांस कोठून मिळणार? तथापि राजाला जे साधले ते आपल्यालाही साधावे, ही इच्छा एकोणिसाव्या शतकात घरोघर दिसते. राइनच्या व त्यासारख्या इतर दुकानांतून पंख्यात बसविलेले, टोपीत दडविलेले, केसांच्या पट्ट्याखाली लपणारे कर्णे विकले जात. दाढीआड लपणारे कर्णेही होते. शोककाळात काळा वेष घालणाऱ्या स्त्रियांसाठी काळ्या रंगाचे कर्णे निघाले. कर्ण्याचा गुण त्याच्या आकारात असतो. तोंड जितके रुंद तितका तो अधिक आवाज गोळा करतो. तो लपविण्यासाठी लहान केला की त्याचा उपयोगही तितकाच लहान होतो. तरी गिऱ्हाईक लहानच मागे.

बेथोव्हेन ह्या थोर जर्मन संगीतकाराचे दुःख ह्याहून खोल होते. वयाच्या तिशीच्या आतच त्याचा कान बिघडू लागला. १८०२ च्या ऑक्टोबरात व्हिएन्नाजवळच्या हायलिगेनश्टाट गावी त्याने आपल्या भावांस उद्देशून एक दीर्घ पत्र लिहिले, ते त्याने कधीच पाठविले नाही. १८२७ साली तो वारल्यावर त्याच्या कागदपत्रांत ते सापडले. लोकांत मिसळणे आपण का टाळतो, ह्याचा खुलासा त्यात आहे. जे इंद्रिय आपल्या ठायी इतरांपेक्षा अधिक परिपूर्ण असावयास पाहिजे तेच उणे आहे, हे आपण कोणत्या तोंडाने सांगावे, असा त्याचा आशय आहे. जगाने त्यास माणूसघाणा व हट्टी ठरविले, आणि तो मात्र 'जरा मोठ्याने बोला' एवढे चार शब्द उच्चारण्याच्या संकोचाने दूर राहात होता. पुढे मेट्रोनोम ह्या तालमापक यंत्रामुळे प्रसिद्धीस आलेल्या मेल्झेलने त्याच्यासाठी धातूचे कर्णे घडविले. ते आजही बॉन येथील त्याच्या जन्मघराच्या संग्रहात आहेत. त्यांचा फारसा उपयोग झाला नाही. १८१८ पासून भेटीस येणाऱ्यांनी वहीत लिहावे व त्याने ते वाचून तोंडी उत्तर द्यावे, असा क्रम सुरू झाला. ह्या वह्यांमुळे अभ्यासकांची सोय झाली खरी. पण त्यांत बहुतेक करून समोरच्याचेच बोलणे आहे, कारण बेथोव्हेनला बोलण्यास वही लागत नव्हती.

आता ह्याच्या अगदी उलट स्वभावाची एक बाई. हॅरिएट मार्टिनो ही इंग्रज लेखिका १८०२ साली जन्मली. तिला लहानपणीच कमी ऐकू येऊ लागले आणि विशीच्या सुमारास ती चांगलीच बहिरी झाली. १८३४ साली तिने बहिऱ्यांस उद्देशून एक प्रकट पत्र एका मासिकात छापले. ह्या विषयावर तिच्या इतके स्पष्ट आजवर थोड्यांनीच लिहिले असेल. आपण बहिरे आहोत हे मनात कबूल करणे ही पहिली पायरी, असे ती सांगते. ते लोकांस उघड सांगणे ही दुसरी. आणि खोट्या लाजेने कर्णा घेण्याचे वर्षानुवर्षे लांबणीवर टाकू नये, ही तिसरी. पण तिची सर्वांत कठीण शिस्त निराळीच होती. चारचौघांत काय बोलणे झाले हे आपण होऊन कोणालाही विचारावयाचे नाही, असा तिने नियम केला. आपल्याला सांगण्याजोगे असेल ते स्नेही मंडळी सांगतील, असा तिचा विश्वास होता. हा नियम सर्वांनी पाळावा असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे घरच्या म्हाताऱ्याने विचारले नाही तर त्याला कोणी काही सांगेल, ही खात्री कोणी द्यावी? परंतु तिच्या वृत्तीतला ताठा पाहण्यासारखा आहे. त्याच साली ती अमेरिकेच्या प्रवासास निघाली व दोन वर्षे हिंडली. ह्या प्रवासावरील ग्रंथात ती म्हणते की, तिच्या हातातील कर्णा पाहून लोक तिच्याशी एकेकटे, जवळ बसून बोलू लागले, आणि घोळक्यातल्या गप्पांत जे कधी ऐकावयास मिळाले नसते ते तिला मिळाले. बेथोव्हेनचा कर्णा व मार्टिनोबाईंचा कर्णा ह्यांत यंत्र म्हणून फारसा फरक नव्हता.

विजेच्या यंत्रांचा जन्म टेलिफोनच्या घराण्यात झाला. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल ह्याची आई बहिरी होती व पत्नी मेबल लहानपणच्या तापाने बहिरी झालेली होती. बहिऱ्यांस शिकविण्याच्या उद्योगातूनच तो १८७६ च्या टेलिफोनपर्यंत पोहोचला. त्याच तत्त्वावर मिलर रीस हचिसन ह्या अमेरिकनाने शतकाच्या अखेरीस कार्बनचे श्रवणयंत्र केले. इंग्लंडची राणी अलेक्झांड्रा हिने १९०२ च्या राज्यारोहणप्रसंगी ते वापरले, असे सांगतात. पेटी, बॅटरी व कानाशी धरावयाचा तुकडा असा तो सगळा सरंजाम असे. राणीच्या दिमतीस माणसे होती. सामान्य माणसाने तो सांभाळणे म्हणजे एक कामच होते.

१९२० नंतर व्हॉल्व्हची यंत्रे आली आणि १९३५ च्या पुढे ती अंगावर वागविता येतील अशी झाली. 'अंगावर' हा शब्द अक्षरशः घ्यावा. छातीशी एक डबी, तिच्यातून कानापर्यंत तार आणि जड बॅटऱ्या वेगळ्या पट्ट्याने कमरेला किंवा मांडीला बांधलेल्या. आवाज पकडणारा भाग छातीवर असल्यामुळे कोट किंवा पदर हलला की त्याचीच खसखस प्रथम कानात शिरे, आणि डबी कपड्याआड लपविली की ती दुप्पट होई. स्त्रियांची तर फारच कुचंबणा होत असली पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धाने एक मोठा धडा दिला. तोफांच्या व बाँबच्या आवाजाने कान गेलेले हजारो तरुण सैनिक परत येऊ लागले, तेव्हा अमेरिकेच्या लष्कराने त्यांच्यासाठी तीन खास रुग्णालये चालविली. त्यांपैकी पेन्सिल्व्हेनियातील डेशन रुग्णालयात रेमंड कारहार्ट हे काम पाहात. श्रवणशास्त्राचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. तेथे सैनिकास यंत्र हातात देऊन घरी धाडीत नसत. सुमारे दोन महिने तो तेथे राही. निरनिराळी यंत्रे लावून पाही, ओठांवरून बोलणे ओळखावयास शिके, गोंगाटातून शब्द निवडण्याचा सराव करी, आणि मुख्य म्हणजे हे सर्व आपल्यासारख्याच पन्नास जणांच्या संगतीत करी. ज्या ठिकाणी सर्वांच्या छातीवर डबी आहे त्या ठिकाणी डबीची लाज कोणास वाटणार? ह्या गोष्टीला मी फार महत्त्व देतो. चाळीस मुलांच्या वर्गात एकट्यालाच वेगळे बसविले तर त्याचे मन अभ्यासात लागत नाही, हे शिक्षकाला सांगावे लागत नाही.

इंग्लंडात दुसराच प्रयोग झाला. १९४८ च्या जुलैत राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, तेव्हा मेडरेस्को नावाचे सरकारी यंत्र मोफत मिळू लागले. मागणी इतकी की लोकांस पुष्कळ दिवस वाट पाहावी लागे. पैशाची अडचण दूर झाली की प्रश्न सुटला, असे कोणास वाटले असेल तर ते लौकरच चुकीचे ठरले. यंत्र घेणारे खूप, वापरणारे त्याहून कमी. ज्यांच्याकडे पैसा होता ते लहान दिसणारे यंत्र बाजारातून विकत घेत. कारण कानामागचे यंत्र सरकारने मोफत देऊ केले ते थेट १९७४ साली. खुद्द चर्चिलसाहेबांना उतारवयात कमी ऐकू येई, पण यंत्राशी त्यांचे कधी जमले नाही. ज्यांचे भाषण सर्व जगाने कान देऊन ऐकले, त्यांनाच स्वतःच्या कानासाठी ही तडजोड जड गेली.

१९४७ साली बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. आपल्या पिढीला ट्रान्झिस्टर म्हटले की रेडिओ आठवतो. परंतु १९५४ चा पहिला खिशातला रेडिओ बाजारात येण्यापूर्वीच, १९५२ च्या अखेरीस, ट्रान्झिस्टर श्रवणयंत्रात बसला होता. ग्रॅहॅम बेलच्या स्मरणार्थ श्रवणयंत्र करणाऱ्यांना ह्या शोधाचे स्वामित्वशुल्क माफ करण्यात आले होते, हेही नमूद करण्यासारखे आहे. थोड्याच वर्षांत बॅटऱ्यांचे ओझे गेले. १९५५ च्या सुमारास चष्म्याच्या काडीत बसविलेली यंत्रे निघाली आणि ती अतिशय खपली. चष्मा प्रतिष्ठित, म्हणून यंत्र त्याच्या आश्रयाला गेले! ज्यांना डोळ्याचा नंबर नव्हता त्यांनीही साध्या काचा घालून ती वापरावी, असा काळ होता. पुढे कानामागचे, मग कानातले, मग कानाच्या नळीत खोल बसणारे, असा हा प्रवास झाला. १९९६ पासून संगणकी पद्धतीची यंत्रे आली. ह्या सर्व काळात जाहिरातींचा एकच घोष चालला होता की, 'कोणालाही दिसणार नाही.' मला ह्या घोषाचा राग येतो. दिसणार नाही, हाच गुण म्हणून सांगितला की दिसणे हा दोष आहे, हे आपोआप पढविले जाते. विक्रेत्यांनी लाजेवर औषध विकले, परंतु ती लाज जोपासण्याचे कामही त्यांनीच केले.

ह्याला एक अपवाद घडला तो राजकारणामुळे. १९८३ च्या सप्टेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रीगन कानात यंत्र घालून लोकांपुढे आले. सिनेमात काम करीत असताना कानाजवळ पिस्तूल उडाल्याने त्यांचे ऐकणे बिघडले होते, असे ते सांगत. वर्तमानपत्रांत ते झळकले आणि देशात यंत्रांचा खप एकदम वाढला. यंत्र पूर्वीचेच होते. कोण लावतो, एवढेच बदलले.

विद्वानांनी ह्या मानसिक बाजूकडे लक्ष दिले ते गेल्या पन्नास वर्षांत. १९७७ साली ब्लड, ब्लड व डॅनहॉवर ह्या अमेरिकन संशोधकांनी काही जणांस मुलांची छायाचित्रे दाखविली, काही यंत्र लावलेली व काही न लावलेली. केवळ यंत्र दिसल्यामुळे पाहणारे त्या मुलाला बुद्धीने व कर्तबगारीने कमी लेखीत, असे आढळले. म्हणजे यंत्र नाकारणाऱ्याची भीती निव्वळ मनाची कल्पना नव्हती. १९८१ मध्ये गोल्डस्टाइन व स्टीफन्स ह्या दोघांनी कान तपासून घेण्यास येणाऱ्यांचे चार प्रकार सांगितले. पहिला मनापासून आलेला. दुसरा मनापासून आलेला, परंतु पूर्वीच्या वाईट अनुभवाने किंवा कानाच्या अवघड दोषाने बिचकलेला. तिसरा नाखूश, पण थोडेसे ऐकून घेण्यास तयार. आणि चौथा ठाम नकार देणारा. पहिल्या प्रकारचे लोक बहुसंख्य, चौथ्या प्रकारचे अगदी थोडे, असे त्यांचे म्हणणे. मी शाळेत पालकसभा घेतल्या आहेत, त्यावरून हे वर्गीकरण मला एकदम पटले! पुढे २०१० साली ह्या विषयावरील अनेक अभ्यास एकत्र तपासण्यात आले. तपासणीच्या आलेखावर दोष किती भरतो, ह्यापेक्षा त्या माणसाला स्वतःला अडचण किती जाणवते, ह्यावर यंत्र घेणे व वापरणे अधिक अवलंबून असते, असे त्यात दिसून आले. मुलाने हाताला धरून नेलेला बाप आणि स्वतः रिक्षा करून गेलेला बाप ह्यांत फरक पडतो तो येथे.

तरीही सगळा दोष मनाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. 'खरखर' म्हणणाऱ्या बाबांची बाजू शरीरशास्त्रातही आहे. प्रत्येक कानाच्या आतल्या शंखात सुमारे १५ हजार केशपेशी असतात. वयाने व गोंगाटाने त्या मरतात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. प्रथम जातात त्या उंच पट्टीचे स्वर टिपणाऱ्या. आपल्या भाषेतले स्वर व म, न, ब ही व्यंजने खालच्या पट्टीची. स, श, ख, ट, फ, थ ह्यांची ओळख मात्र उंच पट्टीतील बारीक आवाजावरून पटते. त्यामुळे पाट, ताट, खाट, काठ ह्या चारही शब्दांतला 'आ' म्हाताऱ्या माणसाला स्वच्छ ऐकू येतो. तो कशाला चिकटलेला आहे, तेवढे कळत नाही. "ऐकू येते, पण समजत नाही," हे त्याचे म्हणणे तंतोतंत खरे असते. दुसरी गंमत अशी की, केशपेशी गेल्या म्हणजे हळू आवाज नाहीसा होतो, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा लागतो. आजोबा आधी म्हणतात, "काय म्हणालास?" आपण आवाज चढविला की म्हणतात, "ओरडतोस कशाला?" घरात भांडण पेटावयास एवढे पुरते. यंत्र लहान आवाज वाढविते व मोठा आवरते. परंतु मेलेली पेशी ते जिवंत करू शकत नाही. चष्मा लावताक्षणी अक्षर स्वच्छ दिसते, तसे येथे होत नाही. ही गोष्ट विकणाऱ्याने सांगितली नाही तर घेणारा चार दिवसांत निराश होतो.

शिवाय मेंदूचा प्रश्न आहे. माणूस कमी ऐकू लागल्यापासून यंत्र घेईपर्यंत सरासरी दहा वर्षे जातात, असे इंग्लंडातील अभ्यासकांनी सांगितले आहे. दहा वर्षे शांततेची सवय झालेल्या मेंदूवर एका दिवसात सगळे घर कोसळते. मी स्वतः गेली काही वर्षे दोन्ही कानांत यंत्र वापरतो. पहिल्या आठवड्यात वर्तमानपत्राची घडी मोडली की पत्रा वाजल्यासारखे होई, नळाचे पाणी, पंखा, स्वतःच्या चपला ह्यांचा नुसता कोलाहल. स्वतःचा आवाज तर रांजणातून आल्यासारखा. ग्लासगोच्या स्टुअर्ट गेटहाउस ह्यांनी १९९२ साली दाखविले की, यंत्राचा खरा फायदा सहा ते बारा आठवड्यांच्या वापरानंतर वाढत जातो. पुढच्या काही अभ्यासांत ही वाढ इतकी ठळक दिसली नाही, हेही सांगितले पाहिजे. पण पंख्याचा आवाज महिन्याभराने मला ऐकू येईनासा झाला, एवढे मी सांगू शकतो. पंखा फिरतच होता. मँचेस्टरच्या डेनिस ब्रुक्स ह्यांचा १९७९ चा अभ्यास असा की, ज्यांना यंत्राबरोबर समजावून सांगणारा माणूसही मिळाला त्यांनी ते अधिक वापरले. आणि २००० साली अमेरिकेत कॉचकिन ह्यांनी यंत्र घेऊन न वापरणाऱ्यांची पाहणी केली, तेव्हा यंत्रधारकांपैकी सुमारे सहांत एक जण ते मुळीच वापरीत नाही असे दिसले. कारणांत लाजेचा क्रमांक पहिला नव्हता. उपयोग वाटत नाही, गोंगाट सहन होत नाही, कानाला टोचते, ही कारणे पुढे होती.

आपल्या देशात ह्या शास्त्राची पायाभरणी १९६५ साली म्हैसूर येथे अखिल भारतीय वाचा व श्रवण संस्था निघाली त्या सुमारास झाली. मुंबईस वांद्र्याला अली यावर जंग ह्यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. गरजूंस साधने देण्याची केंद्र सरकारची योजना १९८१ ची, आणि गरीब वृद्धांसाठी वयोश्री योजना २०१७ ची. शिबिरांतून वर्षानुवर्षे वाटले गेले ते बहुधा खिशातले, तारेचे यंत्र. वाटपाचे छायाचित्र निघते. नंतर बॅटरी कोठे मिळते, पावसाळ्यात दमट हवेने व घामाने यंत्र बंद पडले तर कोणी पाहावयाचे, हे सांगणारे कोणी नसते. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांस एका दुकानदाराने कान न तपासताच यंत्र विकले. ते त्यांनी तिसऱ्या दिवशी काढून ठेवले आणि पुन्हा त्या वाटेस गेले नाहीत. दुसऱ्या प्रकारचा मनुष्य असा तयार होतो.

आपल्या समाजात आणखी एक गोष्ट आहे, ती उघडपणे बोलली जात नाही, म्हणून येथे लिहितो. लग्नाच्या मुलीच्या कानात यंत्र असले तर ते दाखविण्याच्या दिवशी काढून ठेवावयास सांगतात. मुलगी न ऐकता अंदाजाने उत्तरे देते, आणि पाहुणे तिला मंद समजून निघून जातात. यंत्र असते तर ती चांगले बोलली असती. घरातल्या प्रौढ स्त्रियांचे तर ऐकणे कमी झाल्याचे कित्येक वर्षे कोणाच्या लक्षातच येत नाही; "तिचे लक्ष नसते," एवढ्यावर ते मिटते. एकत्र कुटुंबात बहिरेपण झाकले जाते, कारण निरोप पोचविणारे कोणी ना कोणी जवळ असते. मुले पुण्या-मुंबईस किंवा परदेशी गेली, घरात दोघेच उरले आणि सारा संबंध फोनवर आला, म्हणजे ते उघडे पडते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे ४३ कोटी लोकांस श्रवणदोषावर उपचाराची गरज आहे, आणि यंत्राने ज्यांचा फायदा होईल त्यांपैकी फक्त १७ टक्के ते वापरतात. अलीकडे 'यंत्र न लावल्यास स्मृतिभ्रंश होईल' अशी भीती घालण्याचा नवा प्रकार निघाला आहे. त्यात तथ्य किती, हे पाहावे. अमेरिकेत ७० ते ८४ वर्षांच्या ९७७ व्यक्तींवर तीन वर्षे प्रयोग झाला; त्याचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. एकंदर सर्वांत यंत्रामुळे बुद्धीच्या ऱ्हासात फरक दिसला नाही. ज्यांना आधीच धोका अधिक होता अशा गटात मात्र ऱ्हासाचा वेग ४८ टक्क्यांनी मंदावला. ही आशेची गोष्ट आहे, धाक घालण्याची नव्हे. धाकाने आणलेला मनुष्य चौथ्या प्रकारात जाऊन बसतो.

सिडनीच्या राष्ट्रीय ध्वनिशास्त्र प्रयोगशाळेत हार्वे डिलन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली एक साधी पद्धत प्रसिद्ध केली. यंत्र लावण्यापूर्वीच त्या माणसाला विचारावयाचे की, तुम्हाला नेमके काय ऐकावयाचे आहे? अशी पाचपर्यंत प्रसंगांची यादी त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावयाची, आणि काही आठवड्यांनी त्या यादीवरूनच उपयोग झाला की नाही हे ठरवावयाचे. आलेख काय म्हणतो, हा प्रश्न नंतरचा. आपल्या ज्ञातीतील ८० वर्षांच्या एका आजींना त्यांच्या नातसुनेने ही यादी करावयास लावली. आधी आजी म्हणाल्या, "आता ह्या वयात काय ऐकायचे राहिले आहे?" मग सांगू लागल्या: कुकरच्या शिट्ट्या मोजता याव्या, नागपूरच्या मुलीचे फोनवरचे बोलणे, संध्याकाळचा हरिपाठ, आणि दाराची घंटा. पाचवे काही त्यांना सुचले नाही. त्या यंत्र सकाळी दोन तास व संध्याकाळी तीन तास लावतात, बॅटरी स्वतः बदलतात, आणि रात्री ते वाळवणाच्या पुडीसह डबीत ठेवतात. लग्नकार्यात मात्र काढून बटव्यात टाकतात. बँडच्या आवाजात तेथे कोणालाच काही ऐकू येत नसते, असे त्यांचे म्हणणे आहे.